झाकणाच्या आतली अक्षरे

आमच्या कुटुंबात असे सांगितले जाते की, वडिलांची जुनी घड्याळे विकत घेणारा पुण्याचा व्यापारी रविवारी यायचा होता, त्याच्या तीन दिवस आधी मी घड्याळांचा डबा पिशवीत घालून घरातून नाहीसा झालो, आणि परतलो तेव्हा वडिलांच्या घड्याळांतले सर्वांत किमती घड्याळ माझ्याजवळ नव्हते. ही हकीकत माझा धाकटा भाऊ सांगतो, बहीण तिला तिखटमीठ लावते, आणि आता पुढची पिढीही ती लग्नाच्या मांडवात माझ्यासमोर बसून सांगू लागली आहे. यातले प्रत्येक वाक्य सुटे घेतले तर खरे आहे. डबा मी नेला होता. कोणाला न सांगता नेला होता. किमती घड्याळ परत आले नाही, हेही खरे. परंतु ही वाक्ये ज्या क्रमाने मांडली जातात त्या क्रमाने मी चोर ठरतो, आणि तो मी नाही. त्या गुरुवारी मी घाबरलेला माणूस होतो. घाबरलेला माणूस चोरासारखा दिसतो, एवढे मी मान्य करतो. त्यापलीकडे काही मान्य करत नाही.

वडील खामगावच्या एका सरकारी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. शेतकऱ्याने आणलेला कापूस कोणत्या प्रतीचा, हे ठरवणारा माणूस म्हणजे ग्रेडर. बंडीतून, म्हणजे बैलगाडीतून, कापसाचा पुंजका काढायचा, दोन अंगठ्यांमध्ये धरून हळूहळू ओढायचा, धागा किती लांब निघतो ते पाहायचे, कवडी, म्हणजे किडका पिवळट कापूस, किती, कचरा किती ते पाहायचे आणि एक शब्द बोलायचा. त्या एका शब्दावर समोरच्या माणसाचे वर्ष अवलंबून असे. वडील तो शब्द इतक्या हळू आवाजात उच्चारत की, शेतकऱ्याला पुढे वाकून ऐकावे लागे. केंद्रावर त्या एका शब्दाला दुसरा जोडणे त्यांना माहीत नव्हते. घरीही नव्हते.

बीटी कापसाचे बियाणे आमच्या भागात आले त्याच सुमारास वडील गेले. त्यांच्या कपाटात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा निघाला आणि त्यात, प्रत्येकी पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेली, चार मनगटी घड्याळे निघाली. पाचवे माझ्या मनगटावर होते. मला मास्तरकी लागली त्या दिवशी वडिलांनी ते स्वतःच्या हाताने बांधले होते. वडील स्वतः जे घड्याळ वापरत ते साधे, देशी बनावटीचे होते, काच चरे पडून धुरकट झालेली. ते धाकट्याकडे गेले. मी थोरला, माझ्याकडे परदेशी घड्याळ. तो धाकटा, त्याच्याकडे हे. या गोष्टीचा मी कधी तोरा मिरवला नाही. मिरवला, असे धाकटा म्हणतो.

डबा दहा वर्षे माझ्या कपाटात राहिला. मग कपाशीवरच्या लाल्या रोगाचे वर्ष आले. पऱ्हाटी गुडघ्याच्या वर गेली होती, बोंडे धरली होती, आणि पंधरा दिवसांत शेतच्या शेत तांबडे पडले. त्या वर्षी आमच्या गावात कोणी कोणाच्या दारात उगाच उभे राहत नसे. अनोळखी माणूस पिशवी घेऊन आला की, कर्जवसुलीला आला समजून, घरातली माणसे आत सरकत. रिकाम्या हातांनी माणूस जुन्या वस्तू काढून बघतो, तशी धाकट्याला घड्याळांची आठवण झाली. त्याच्या मुलीने चारही घड्याळांची चित्रे फोनवरून पुण्याच्या एका व्यापाऱ्याला पाठवली. त्याने उत्तर पाठवले की, वस्तू चांगल्या दिसतात, पण मागचे झाकण उघडून आतले यंत्र आणि झाकणाची आतली बाजू दिसली पाहिजे. त्यावाचून घड्याळ कोणते, कधीचे आणि त्याची किंमत काय, हे सांगता येत नाही. आपण रविवारी स्वतः येऊन झाकणे उघडू.

"त्यात लपवाचं काय हाय?" धाकटा माझ्या पडवीत खुर्ची ओढून बसत म्हणाला. "उघडू दे त्याले. साऱ्या गावाले मायित हाय, बाबाले घड्याळं कोनं देल्ली अन् कायले देल्ली."

"कशासाठी दिली?"

"दादा, शाळेतलं मराठी माह्यासंग नको बोलू. कापूस पास कराले देल्ली. अजून कायले देतेत मानसं ग्रेडरले घड्याळ? वाढदिवस होता काय त्याचा?"

वडिलांच्या ड्रॉवरमध्ये घड्याळे जातात, ही कुजबुज गावात त्यांच्या हयातीतच होती, आणि या आरोपाला मी चाळीस वर्षे उत्तर देत आलो होतो. वडिलांना घड्याळांचा शौक होता, त्यांनी पगारातून एकेक विकत घेतले, असे मी सांगत असे. बहिणीचे म्हणणे वेगळेच. तिच्या मते निवृत्तीच्या वेळी ती भेट मिळाली. निवृत्तीला वडिलांना एक शाल आणि नारळ मिळाला होता आणि तो समारंभ मी पाहिलेला आहे, तेव्हा बहिणीचे म्हणणे विचारात घेण्यासारखे नाही. मी माझे म्हणणे पंगतीत मांडले, पारावर मांडले, एकदा एका सोयऱ्याशी त्यावरून हातघाईवर आलो. माझ्या आवाजावरून लोकांना वाटे की, या माणसाला पक्की माहिती आहे.

मला पक्की माहिती होती. ती मी कोणालाही सांगितलेली नव्हती.

कॉलेजच्या पहिल्या वर्षी फीच्या कागदावर वडिलांची सही हवी होती म्हणून मी केंद्रावर गेलो होतो. बाहेर बंड्यांची रांग सडकेच्या वळणापर्यंत पोचली होती. त्या काळी तीन-तीन, चार-चार दिवस नंबर लागत नसे, बैल सोडून माणसे बंडीखालीच स्वयंपाक करत. मी वडिलांच्या खोलीच्या दारात पोचलो तेव्हा टेबलासमोर एक तरुण शेतकरी उभा होता. तो काहीतरी अजिजीने बोलत होता. वडिलांनी मान हलवली. मग त्या माणसाने मनगटावरचे घड्याळ काढले आणि टेबलावर ठेवले. वडिलांनी ते उचलले, ड्रॉवरमध्ये टाकले, ड्रॉवर बंद केला. तो माणूस हात जोडून, मागच्या मागे पावले टाकत बाहेर पडला आणि माझ्या खांद्याला घासून गेला. त्याच्या अंगाला कापसाचा आणि घामाचा वास होता. मी सही न घेताच परत फिरलो. घरी, बाबा कामात होते, असे सांगितले.

त्या दिवसापासून एक भीती माझ्याकडे राहायला आली ती गेली नाही. ते कोणते घड्याळ होते, हे मला दिसले नव्हते. डब्यातल्या चारांपैकी कोणतेही असू शकत होते. माझ्या मनगटावरचेही असू शकत होते. मुलांना प्रामाणिकपणावर निबंध लिहायला सांगून तास संपायला किती वेळ आहे हे मी त्याच घड्याळात पाहत असे, आणि कधीकधी फळ्याकडे तोंड करून उभा राहत असे.  आता एक परका माणूस रविवारी येऊन, माझ्या धाकट्या भावासमोर, त्याच्या मुलांसमोर ती झाकणे उघडणार होता. झाकणाच्या आत काय असते हे मला ठाऊक नव्हते. मूळ मालकाचे नाव असले तर? म्हणून मी डबा उचलला. किंमत काढायला नव्हे. त्या व्यापाऱ्याच्या आधी आत काय आहे ते मला एकट्याला पाहायचे होते, आणि ते वाईट निघाले असते तर मी काय करणार होतो, हे मला आजही सांगता येत नाही. डबा टाकून द्यायला घराकडच्या वाटेवर विहिरी बऱ्याच आहेत.

खामगावच्या जुन्या बाजारातल्या एका बोळात घडीसाजाचे दुकान आहे, एक माणूस मांडी घालून बसेल एवढेच. त्याचे वडील माझ्या वडिलांची घड्याळे पाहत असत, इतके मला माहीत होते. तो माझ्याच वयाचा. दाढी पांढरी, डोळ्याला भिंग लावून लावून उजव्या भुवईखाली गोल वण पडलेला.

"या गुरुजी. लय वर्साइनं. बसा," असे म्हणून त्याने स्टूल पुढे केले. मी डबा उघडून चारही घड्याळे त्याच्यासमोरच्या फडक्यावर ठेवली. त्याने एकाही घड्याळाला घाईने हात लावला नाही. प्रथम कानाशी नेले, मग चावी दोन बोटांनी हळूच फिरवून पाहिली, मग उन्हाकडे तिरपे धरून डायल पाहिली.

"हे दोन देशी. चांगले हायेत, पन असे घरोघरी भेटतेत," तो म्हणाला. "हे तिसरं बाहेरचं, पन याची डायल कोनतरी नवी रंगवेल हाय. पाहा, आकडे किती चकचकीत. लोकाइले वाटते, चकचकीत म्हंजे किंमत वाढली. उलटं असते. डायल धुतली, रंगवली, का किंमत गेली. डाग असू दे, पिवळी पडू दे, पन कंपनीतून आली तशी पायजे. चौथ्याची डायल बराबर हाय, पन केसचं सोनं घासून पितळ उघडं पडलं, शिंगापाशी पाहा."

शिंगे म्हणजे पट्टा जिथे अडकतो ती घड्याळाची चार टोके. मी पाहिली. मला काही दिसत नव्हते. माझे लक्ष त्याच्या डाव्या हाताकडे होते. त्याने ड्रॉवरमधून बोथट पात्याचा एक छोटा चाकू काढला होता.

"उघडू ना?"

मी मान हलवली असावी. चाकूचे टोक झाकणाच्या फटीत गेले, मनगटाला हलका हिसका बसला आणि टक् असा आवाज झाला. तसे चार आवाज झाले. त्याने चारही झाकणे उताणी करून ओळीने मांडली, डोळ्याला भिंग लावले आणि वाकून पहिल्या झाकणात पाहू लागला. पाहतच राहिला. मीही वाकलो. झाकणाच्या आतल्या गुळगुळीत पत्र्यावर सुईने कोरलेल्या बारीक ओळी होत्या, एकीखाली एक. काही आकडे होते. बाकीची अक्षरे उर्दू होती. मला उर्दू येत नाही.

"काय लिहिले आहे?"

"हे आमचं घडीसाजाचं काम हाय," तो भिंग न काढता म्हणाला. "घडी दुरुस्तीले आली का झाकनात तारीख अन् नंबर कोरून ठिवाचा. पुढं कोन्या घडीसाजानं उघडली तं त्याले समजते, पहिले काय काम झालं. हे अब्बाचं अक्षर हाय." मग तो दुसऱ्या झाकणाकडे वळला, मग तिसऱ्या.  मी बोळातून जाणाऱ्या सायकलींच्या घंटा मोजल्या.  शेवटी उभ्या जन्मात कोणापुढे आवाज खाली न केलेल्या मी त्याला हळूच विचारले, "नावे आहेत काय?"

"हायेत," तो म्हणाला. "अन् नावाच्या पह्यले एक शब्द हाय, चाराइतही तोच. अमानत."

मी झाकणात तो शब्द शोधू लागलो.

"अमानत, गुरुजी. दुसऱ्याची ठेव. तुमच्या बाबानं आनून देल्लं, पन मालक दुसरा, असं असलं का अब्बा कोरत. मालकाचं नाव अन् गाव. मले याद हाय, अब्बा सांगे. साहेब दर दोन-तीन वर्साले ही घड्याळं तेलपानी कराले आनत. अब्बानं एकडाव इचारलं, साहेब, कोनाची हायेत इतले? तं साहेब म्हने, रांगेतल्या मानसाइची." त्याने भिंग कपाळावर सरकवले. "मानूस नसलेली बंडी रांगेत ठिवाची नाई, असा कायदा होता ना केंद्राचा? घरी कोनी मेलं, कोनी बीमार पडलं, तं बिचाऱ्यानं काय करावं? बंडी सोडून गेला तं नंबर गेला. मंग साहेब म्हनत, घड्याळ ठेव अन् जाय. वापस येशील तं घेऊन जाय. म्हंजे मानूस बंडी टाकून पळनार नाई, अन् साहेबाचा बी कायदा मोडला तरी अर्धाच मोडला. लोकं येत, घेऊन जात. हे चार आलेच नाईत."

हे ऐकल्यावर मला हायसे वाटले असेल, असे कोणी समजेल. वाटलेही, एक श्वास आत घेऊन बाहेर सोडेपर्यंत. कारण घडीसाजाची नजर माझ्या मनगटावर गेली होती.

"ते बी काढा ना. ते तं अब्बाच्याच हातचं हाय. लांबून वळखू येते."

मी म्हणालो, हे माझे आहे. मला वडिलांनी दिले. त्याचा याच्याशी संबंध नाही.

"बरं," तो म्हणाला आणि चाकू खाली ठेवला. त्याने आग्रह केला असता तर मी भांडलो असतो आणि निघून गेलो असतो. त्याने आग्रह केला नाही. मग मी स्वतःच पट्टा सोडला. 

त्याने बराच वेळ डायल पाहिली. "हे मातर माल हाय, गुरुजी. स्विस. डायल जशीच्या तशी, काटे जुने, चावीवर कंपनीचा शिक्का. फकस्त सातपाशी रेडियमचा ठिपका पडेल हाय. तो कोनाकडून भरून घेऊ नका, भरला तं मजा गेली. त्या पुन्याच्या मानसाले हेच पायजे असन, बाकीचे चार तं तो मोजनार बी नाई." मग टक् असा आवाज झाला. मी डोळे मिटले होते, हे त्याने पुढे माझ्या भावाला सांगितले. ते खरे आहे.

त्या झाकणातही अमानत होते. नाव होते, ते मी येथे लिहिणार नाही. गाव होते पिंपळगाव राजा. पहिल्या ओळीतले साल मी सही घ्यायला केंद्रावर गेलो त्याच हंगामाचे होते; बाकीच्या चारांत ते साल नव्हते. आणि सर्वांत खालच्या ओळीतली तारीख मला मास्तरकी लागली त्याच्या आदल्या महिन्याची होती. म्हणजे वडिलांनी ते तेलपाणी करून घेतले, ठेव म्हणून पुन्हा एकदा कोरवून घेतले आणि महिन्याभराने माझ्या मनगटावर बांधले. बांधताना ते एवढेच म्हणाले होते, "रोज चावी देत जा. बंद पडू द्यायचं नाही." हे वाक्य मी आयुष्यभर जीवनाचा संदेश म्हणून वापरले. निरोपसमारंभात तर दरवर्षी. बहुधा ती घड्याळाविषयीची साधी सूचना होती. डब्यातले घड्याळ अडते, हातातले चालते, आणि मालक आला तर त्याला चालते घड्याळ द्यावे लागते. वडिलांनी हे मला सांगायला हवे होते, असे मला त्या स्टुलावर बसून वाटले. आणि त्यांच्याविरुद्ध काही वाटण्याची ती माझी पहिली वेळ होती.

दुसऱ्या दिवशी मी पिंपळगाव राजाची गाडी धरली. घरी गेलो नव्हतो, खामगावात एका जुन्या सहकाऱ्याकडे राहिलो होतो; तेवढ्यात घरी मी घड्याळे विकून टाकल्याची हकीकत तयारही झाली होती. मी परस्पर का गेलो, असे मला विचारतात. घरी गेलो असतो तर पुन्हा निघालो नसतो, म्हणून. गाडीच्या खिडकीतून दोन्ही बाजूंना लाल पडलेली शेते दिसत होती. घड्याळ खिशात होते आणि मी सारखा खिसा चाचपत होतो. तो माणूस काय सांगेल? घडीसाजाने जे सांगितले ते त्याच्या वडिलांना माझ्या वडिलांनी सांगितलेले होते. ते सोडून दुसरा पुरावा नव्हता. घडीसाज त्या खोलीत नव्हता. त्या खोलीत तीन माणसे होती. एक वारले होते, एक मी होतो, आणि तिसऱ्याच्या घरी मी निघालो होतो.

नाव विचारत घर सापडले. दारात एक सून धान्य निवडत होती. माझी पिशवी पाहताच ती उठून उभी राहिली.

"घरी नाई हायेत," मी काही विचारण्याआधीच ती म्हणाली. आतून कोणीतरी खोकले. "वावरात गेलेत," ती म्हणाली.

"मी कोणत्याही कचेरीतून आलेलो नाही," मी म्हणालो. "खामगावच्या केंद्रावर ग्रेडर साहेब होते ना, त्यांचा मी मुलगा."

खोकला थांबला. आत बाज करकरली. आणि माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा, पाठीत वाकलेला एक माणूस सदऱ्याची बटणे घाईघाईने लावत बाहेर आला आणि माझ्यासमोर हात जोडून उभा राहिला. मी तीस वर्षांवर मुख्याध्यापक आणि मास्तर राहिलो आहे. माझ्यासमोर माणसे आदराने उभी राहतात तेव्हा कशी उभी राहतात आणि भीतीने उभी राहतात तेव्हा कशी, हे मला कोणी शिकवायला नको. माझ्या वडिलांना जाऊन दहा वर्षे झाली होती आणि हा माणूस त्यांना अजून भीत होता.

"साहेब बरे हायेत?"

"वारले."

"असं," तो म्हणाला, पण हात सोडले नाहीत.

मी खिशातून घड्याळ काढून त्याच्यापुढे धरले. त्याने ते घेतले नाही, नुसते पाहिले. "हे तं म्या साहेबाले देल्लं होतं."

"दिलं नव्हतं. ठेवलं होतं."

"तुमी होते काय तिथं?"

"होतो," मी म्हणालो. चाळीस वर्षांत प्रथमच म्हणालो.

"मंग तुमाले मायितच हाय. बायको बाळंतपनात अडली होती, गावाकून सांगावा आल्ता. म्या म्हनलं, साहेब, जाऊ द्या, नंबर राहू द्या. साहेबानं मान हालवली. मले वाटलं, फुकट कोन कायले आयकते. ठिवलं काढून. साहेबानं ड्रावरात टाकलं. तोंडातून शब्द नाई. अन् मंग माह्या भावानं बंडी लावली, तं त्या वर्साले एक नंबर ग्रेड लागला. म्हनलं, घड्याळ लागू पडलं."

"ग्रेड कापसामुळे लागला असेल."

"असन," तो नम्रपणे म्हणाला. ते नम्रपणे म्हणणे मला थपडेसारखे लागले.

"तुम्ही परत मागायला का नाही आलात? ती ठेव होती. माणसे येऊन घेऊन जात होती."

"मले काय मायित, ठेव हाय का काय हाय? साहेबानं सांगतलं काय? अन् पुढच्या वर्सी बी कापूस त्याइच्याच म्होरं न्याचा होता ना. घड्याळ मांगतलं अन् ग्रेड पडला तं?"

तेवढ्यात आतून त्याची म्हातारी पदर सावरत बाहेर आली. तिने माझ्याकडे पाहिले नाही. सरळ हात पुढे करून घड्याळ माझ्या हातातून घेतले, डोळ्यांजवळ नेले, आकड्यांवरून नख फिरवत गेली आणि सातपाशी थांबली.

"हेच ते. सातपाशी ठिपका नाई. लग्नात पह्यल्याच दिवशी पाडला होता यानं," ती म्हणाली, आणि नवऱ्याकडे वळली. "माह्या बापानं देल्लं होतं हे तुले! चाळीस वर्सं सांगून राह्यला, सायबानं खाल्लं, सायबानं खाल्लं. मी सांगत होती ना, जाय, मांग. वाघ होता काय तो सायब?"

"तुले काय मायित वाघ होता का नाई?" म्हातारा पुटपुटला. "तू होती काय म्होरं उभी?"

"मी अडेल होती," ती म्हणाली, "तुह्या पोराले घेऊन." आणि घड्याळ कानाला लावले. ते चालू होते. तिने ते तसेच कानाशी धरून ठेवले.

मी त्यांना झाकण दाखवायचे ठरवले. घडीसाजाने दिलेल्या पात्याने ते उघडले, अमानत हा शब्द कुठे आहे ते बोटाने दाखवले, त्याचा अर्थ सांगितला. तिघेही वाकून पाहत होते. त्या अंगणात उर्दू वाचता येणारे कोणी नव्हते, मीही नव्हतो. म्हाताऱ्याने बराच वेळ पाहिले आणि मग माझ्याकडे मान वर करून, अगदी साधेपणाने, विचारले, "ठेव होती, तं मले एक शब्द सांगाले साहेबाले काय झालं होतं?"

वडिलांच्या बाजूने मी जन्मभर बोललो आहे. त्या प्रश्नावर मी फक्त झाकण परत बसवले. वडिलांनी लाच घेतली नाही, हे मी त्या दिवशी निश्चित जाणून होतो, आणि या माणसाने लाच दिली होती, हेही तितकेच निश्चित होते. सुनेने चहा आणला. मी तो बशीत ओतून प्यालो आणि घड्याळ म्हातारीच्या हातात ठेवून निघालो.

रविवारी पुण्याचा व्यापारी आला, उरलेली चार घड्याळे पाहून, मी ती विकणार नाही असे सांगितल्यावर, चिडून निघून गेला. धाकटा माझ्या रिकाम्या मनगटाकडे पाहत होता. मी त्याला सर्व सांगितले. घडीसाजाचे, पिंपळगावचे, आणि कॉलेजच्या पहिल्या वर्षी दारात उभे राहून पाहिलेलेही.

"म्हंजे मी सांगत होतो तेच खरं निंगालं," तो म्हणाला.

"नाही."

"त्या बुढ्याले इचार ना."

"विचारले. तरीही नाही."

तो हसला, पण फार वेळ नाही. मग त्याने स्वतःच्या मनगटावरचे, वडिलांचे ते धुरकट काचेचे घड्याळ काढले आणि माझ्यापुढे टेबलावर ठेवले. अगदी तसेच, जसे त्या खोलीत एका माणसाने ठेवताना मी पाहिले होते. "अन् याचं झाकन? हे तं बाबाचं स्वताचंच हाय ना, दादा? पाहून घे एकडाव."

घडीसाजाचे पाते माझ्या खिशात होते. मी ते काढले. झाकणाची फट सापडली. पात्याचे टोक मी तिच्यात टेकवलेही.

उरलेल्या चारांपैकी तीन घड्याळे पुढच्या काही वर्षांत त्यांच्या त्यांच्या घरी पोचली. चौथ्याचे घर मिळाले नाही, त्याला मी रोज चावी देतो. पण ते टेबलावरचे घड्याळ मी तसेच उचलून धाकट्याच्या मनगटावर बांधून टाकले, न उघडता. मला भीती वाटली म्हणून मी ते उघडले नाही, असे धाकटा सांगत असतो. त्याचे हे म्हणणे मी खोडत नाही.